तीन गाठींची बाटली

हे सगळे घडले एक्क्याण्णव साली. त्या वर्षी पाऊस आला आला म्हणेपर्यंत गेला. ओढा एकदाही भरून वाहिला नाही. एरवी हिवाळा सरल्यावर दिसणारे दगड भर पावसाळ्यातच उघडे पडले होते. त्याच वर्षी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा नवा वर्ग निघाला आणि दोरवाल्याच्या मुलीने त्यात नाव घातले.

मुलीला सगळे सुतळी म्हणत. लहानपणी ती काटकुळी होती आणि बाप दोर वळायचा, म्हणून कुणीतरी गमतीने म्हटले ते चिकटले. घरात माणसे तीनच. बाप, बापाची थोरली बहीण आणि ती. आई ती रांगत असतानाच गेली होती. आत्याचा संसार त्याच सुमारास मोडला, तेव्हा तिने भावाचा संसार हातात घेतला आणि मग तो कधी सोडला नाही.

ओढ्याच्या काठाला त्यांचे खड्डे होते. ओढ्याचे पाणी चराने आत घ्यायचे, तागाच्या पेंढ्या आडव्या रचायच्या, वर दगड ठेवून त्या बुडवायच्या आणि कुजू द्यायच्या. साल सुटायला लागली की मांड्यांपर्यंत पाण्यात उभे राहून काड्यांवरून वाख, म्हणजे सालीचे लांब धागे, ओढायचा, ओढ्यात झोडपून धुवायचा, वाळवायचा, मग अंगणातल्या चाकावर त्याला पीळ द्यायचा. कुजत्या तागाचा वास एकदा अंगात शिरला की साबणाला दाद देत नाही. तो केसांत राहतो, उशीत राहतो, वह्यांच्या पानांत राहतो. सुतळी बसमध्ये चढली की शेजारचा माणूस खिडकी उघडायचा, आणि खिडकी आधीच उघडी असली तर जागा बदलायचा.

वरच्या अंगाला कागदाची गिरणी होती. सुतळी शाळेत जायला लागली तेव्हा ती उभी राहिली. तिची एक जाड नळी ओढ्यात सोडलेली होती. तिच्यातून येणाऱ्या पाण्याला म्हणण्यासारखा वास नव्हता. रंग पातळ चहाचा आणि वर पांढरा फेस, एवढेच. पूर्वी खड्ड्यात दिवसभर उभे राहिले तर बापाचे पाय नुसते सुरकुतायचे. नळी आल्यापासून नडग्यांवर फोड यायला लागले. ते फुटायचे, वाळायचे आणि पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा उठायचे. आत्या रोज संध्याकाळी त्यांना तेल लावायची आणि बाप रोज म्हणायचा, पुरे आता, पाय आहेत, दरवाजाची बिजागरी नव्हे.

बापाची इच्छा होती की सुतळीने मास्तरीण व्हावे. खुर्चीवर बसायचे, कोरडे पाय, वर पंखा. पर्यावरणशास्त्र म्हणजे काय ते त्याला समजले नव्हते आणि शेजारच्यांनाही नव्हते. कुणी म्हणाले झाडे लावायला शिकवतात, कुणी म्हणाले हवामानाचा अंदाज सांगतात. ओढ्याच्या खालच्या तळ्यावरचा मासेवाला म्हणाला, “म्हणजे शेवटी पोरगी आम्हांला पाऊस कधी पडणार ते सांगेल. यंदा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.” सगळे हसले. सुतळी हसली नाही. तिने तो विषय का घेतला हे तिने कुणाला सांगितले नव्हते. बापाच्या नडग्या बघून घेतला होता.

पहिल्या दिवशी वर्गात मॅडमनी प्रत्येकाला उभे करून घरी काय करतात ते विचारले. कुणाचे वडील बँकेत होते, कुणाचे डॉक्टर. सुतळी म्हणाली, आम्ही ताग कुजवतो. मागच्या बाकावरून कुणीतरी “वास आलाच होता” असे पुटपुटले आणि एक हशा पुढच्या बाकांपर्यंत येऊन थांबला. मॅडमनी पुस्तक उघडून टेबलावर आपटले, तेव्हा वर्ग गप्प झाला.

पण खरा घाव त्या हशाने बसला नाही. तो बसला त्याच आठवड्यात, पुस्तकाने. पाणी दूषित होण्याची कारणे दिली होती, त्यांत कारखाने होते, गटारे होती, आणि त्याखाली छापले होते: वाहत्या पाण्यात ताग कुजवणे. पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात. सुतळीने ते वाचले आणि तिचे कान तापले. जन्मात कधी छापलेल्या कागदावर तिचे घर आले नव्हते. आले ते असे.

ती मॅडमकडे गेली आणि हे खोटे आहे म्हणाली. मॅडम चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, खोटे नाही, खरे आहे. पण किती खरे आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. सुतळी घरी आली ती धुमसतच. आपल्या खड्ड्यांमुळे मासे मरतात हे खरे असू शकेल, हा विचार तिच्या मनातून जात नव्हता आणि तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

आणि मग मासे मेले.

ताग नुकताच खड्ड्यांत घातला होता. ओढ्याची धार मनगटाएवढी उरली होती. एका सकाळी खालच्या तळ्यात मासे पोट वर करून तरंगताना दिसले, लहानमोठे सगळे. मासेवाला काठावर बसला होता आणि हातातल्या जाळ्याची गाठ उगीच सोडत बांधत होता. दुपारपर्यंत गिरणीचा मॅनेजर आला. त्याच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीतला माणूस होता. मॅनेजरने खड्ड्यांजवळ येताच नाकाला रुमाल लावला आणि रुमालाआडूनच बोलला, की आणखी काय पुरावा पाहिजे. बाप खड्ड्यात उभा होता. त्याला वर यायलाही कुणी सांगितले नाही. दोघे वरून बोलत राहिले आणि तो खालून मान वर करून ऐकत राहिला, हातातली तागाची पेंढी गळत होती.

खड्डे बंद करायचे की नाही याची सुनावणी कचेरीत ठेवली गेली. तोवर ताग आहे तसा राहू द्यावा, असे सांगून ते गेले.

सुतळीने मॅडमना विचारले. मॅडम म्हणाल्या, पाणी आण. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासू आणि निकाल थेट कचेरीला पाठवू, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. पण नळीच्या वरचे आण, नळीच्या खालचे आण आणि तुमच्या खड्ड्याच्या तोंडाचेही आण. दोनच आणलेस तर ती तपासणी होत नाही, ते भांडण होते.

त्यावरून घरात वादळ झाले. बाप म्हणाला, “गिरणीचं ने. आपलं कशाला? स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा दाबायला शिकवतात का तिथं?”

“आपलं थोडं असेल, त्यांचं जास्त असेल. मोजल्याशिवाय कसं कळणार, बाबा?”

“मला कळतं. माझ्या पायांना कळतं.”

“पाय कचेरीत चालत नाहीत,” सुतळी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला वाईट वाटले, पण राग मोठा होता. बाप उठून चाकाकडे गेला आणि उन्हात उगीच रिकामे चाक फिरवत बसला.

तिने तिन्ही ठिकाणी स्वतः उतरून पाणी भरले. मॅडमनी काचेच्या बाटल्या दिल्या होत्या. चिठ्ठ्या ओल्या होतील म्हणून आत्याने आपली रीत काढली. दोरवाल्यांच्या घरी मालाला चिठ्ठी लावत नाहीत, सुताला गाठी मारतात. नळीच्या वरच्या बाटलीच्या गळ्याला एक गाठ, नळीच्या खालचीला दोन, खड्ड्याचीला तीन. आत्याच्या गाठी अशा की दातांनीही सुटायच्या नाहीत. बाटल्या रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवल्या. सकाळी सुतळीला पहिली बस पकडायची होती. ती आंघोळ करून येईतो आत्याने बाटल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीत रचून ठेवल्या होत्या, वरून चिंध्या दाबल्या होत्या. विद्यापीठात पोहोचली तर तास सुरू झाला होता. तिने टोपली प्रयोगशाळेच्या माणसाकडे दिली, गाठींचा हिशोब सांगितला आणि वर्गाकडे पळाली.

सुनावणीला तिघेही गेले. बापाने पायजमा घोट्यांपर्यंत ओढून घेतला होता, फोड दिसू नयेत म्हणून. आत्याने ठेवणीतले कपडे घातले होते. कचेरीची खोली लांबट होती, पंखा वाजत होता, साहेब टेबलामागे, मॅनेजर खुर्चीवर. मासेवाला आणि तळ्याकडची बरीच माणसे भिंतीला टेकून उभी होती. दोरवाल्यांना बाक दाखवला, पण तिघे बसताच त्याच बाकावरचा कारकून उठून उभा राहिला.

साहेबांनी विद्यापीठाचा कागद वाचला. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग म्हणाले की तिन्ही बाटल्यांतले पाणी उत्तम आहे. नळीच्या वरचे उत्तम, खालचे उत्तम आणि खड्ड्याचेही उत्तम. पिण्यालासुद्धा हरकत नाही.

भिंतीजवळून मासेवाल्याचा आवाज आला, “मग मासे काय हौसेनं मेले?”

सुतळी कागदाकडे बघत होती. तिने स्वतः भरले होते ते पाणी. नळीच्या खालच्या बाटलीत फेस होता, खड्ड्याच्या बाटलीत काळ्या काड्या तरंगत होत्या. तिला वाटले गिरणीवाल्यांनी प्रयोगशाळेतला माणूस फोडला. ती तसे बोलायला उभी राहिली. तेवढ्यात शेजारून आत्या बोलली. तिचा चेहरा फुलला होता. आपल्या हातच्या कामाला भर कचेरीत कुणी चांगले म्हटलेले तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले होते.

“चांगलं असणारच,” आत्या म्हणाली. “मी स्वतः गाळून दिलंय.”

साहेबांनी काय म्हणालात असे विचारले. आत्याने सगळे सांगितले, एखादी कृती सांगावी तसे. पहाटे बघितले तर पाणी घाण, बाटल्यांच्या बुडाशी गाळ. असे पाणी शिकलेल्या बाईच्या हातात कसे द्यायचे? पोरीला काय म्हणतील? मग तिने ते तीन पातेल्यांत वेगवेगळे काढले, तुरटी फिरवली, निवळू दिले, चौपदरी फडक्यातून गाळले. बाटल्या राखेने घासल्या. पाण्याची मिसळ होऊ दिली नाही, एकाचे दुसऱ्यात थेंबभर जाऊ दिले नाही. आणि नवे सूत घेऊन ज्याची गाठ त्यालाच बांधली.

सगळी खोली हसली. भिंतीजवळची माणसे हसली, कारकून हसला, मॅनेजर रुमालात हसला. साहेबही हसले आणि हसणे लपवायला त्यांनी पाण्याचा पेला उचलला. आत्याही सगळ्यांबरोबर हसली, कारण तिला अजून कळले नव्हते. मग तिने सुतळीकडे पाहिले.

निकाल काही मिनिटांत लागला. तपासणी बाद. गिरणीच्या नळीबद्दल विचार करण्यात येईल. खड्ड्यांबद्दल मात्र विचार करण्याचे कारण नाही, कारण वास सगळ्यांनाच येतो. खड्डे ज्यांचे त्यांनी बुजवावेत. सुतळीने पाणी पुन्हा तपासा म्हणून सांगितले. साहेब म्हणाले, बाळ, आता पुरे. तो शब्द तिला आयुष्यभर विसरता आला नाही. बाळ.

घरी परतताना बाप पुढे चालला होता, पायजमा आता वर खोचून. बांधावर आल्यावर सुतळी थांबली आणि आत्यावर तुटून पडली. जे तोंडात आले ते बोलली. तू अडाणी आहेस, तुला हात लावायला कुणी सांगितलं, घर बुडवलंस, माझं तोंड काळं केलंस, त्या रुमालवाल्याला हसवलंस. गळ्याच्या शिरा ताठ होईतो बोलली. आत्याने सगळे ऐकून घेतले. मग तिचाही आवाज चढला.

“तुझं दूध गाळून पाजलं. तुला पाणी गाळून दिलं. उभ्या जन्मात गढूळ पाणी मी कुणाच्या हातात दिलं नाही. तू घाण पाणी मुद्दाम नेतेयस हे मला कुणी सांगितलं? तू सांगितलंस? बाटल्या आणल्यास, चिठ्ठ्या ओल्या होतील म्हणालीस, मी गाठी मारल्या. मला वाटलं, शाळेतल्यांना लागतंय पाणी.”

सुतळीने खरेच सांगितले नव्हते. ती आणि बाप भांडत होते तेव्हा आत्या चुलीशी होती, आणि आत्याला समजावून सांगावे असे दोघांपैकी कुणाच्या मनातही आले नव्हते. पण त्यामुळे राग कमी झाला नाही. उलट त्याला बसायला जागा उरली नाही, म्हणून तो आणखी वाढला.

खड्डे बुजवायचे काम तिघांनीच केले. आधी अर्धा कुजलेला ताग बाहेर काढावा लागला. तो ना धड ताग राहिला होता ना वाख झाला होता. हातात घेतला की लिबलिबून तुटायचा. बाप पेंढ्या काठावर फेकत होता आणि त्यांच्याकडे बघत नव्हता. मग माती. ती आणायला बांध फोडावा लागला. फावडे बोथट होते, जमीन पाऊस न झाल्यामुळे दगडासारखी. सुतळीच्या तळव्यांना फोड आले, फुटले, दांडा चिकट झाला. आत्या डोक्यावर पाटी घेऊन येत जात होती. वरच्या बाजूला नळी चालूच होती. पातळ चहाच्या रंगाचे पाणी बुजत चाललेल्या खड्ड्यांच्या कडेने निवांत खाली जात होते, आणि त्याला म्हणण्यासारखा वास नव्हता.

मॅडमचा निरोप आला की पाणी पुन्हा आण. सुतळीने बाटल्या घेतल्याच नाहीत. शेवटच्या खड्ड्यावर माती चोपून झाली तेव्हा तिने फावडे टाकले आणि मी आता विद्यापीठात जाणार नाही म्हणून सांगितले. कशाला जायचे? पुस्तकात आपले नाव गुन्हेगारांत, कचेरीत आपण विदूषक. एक सोडून दोन ठिकाणी तोंड कशाला दाखवायचे?

बाप खाली बसून नडग्यांवरचा चिखल काडीने खरवडत होता. त्याने मान वर केली नाही, पण आवाज असा काढला की आत्याच्या हातातली पाटी खाली आली.

“जायचं. खड्डे गेले, हंगाम गेला. आता तू घरी बसलीस तर ही बया जन्मभर स्वतःला खात बसेल. रोज तुझं तोंड बघेल आणि घास गिळेल. ते माझ्या घरात चालणार नाही. चिडलीयस ना? मग तिथं जाऊन चीड.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने टोपली भरून दिली, डबा ठेवला, कपड्यांची घडी ठेवली. प्यायच्या पाण्याची बाटली मात्र रिकामी, बाजूला ठेवून दिली. सुतळीने ती पाहिली. आत्या पाठ करून भांडी घासत होती, घासायची गरज नव्हती तीही. सुतळीने स्वतः बाटली भरली आणि निघाली. तू भर, असे तिला म्हणता आले असते. म्हटले नाही. बसमध्ये शेजारच्या माणसाने खिडकी उघडली तेव्हा तिने ती धाडकन लावून घेतली आणि विद्यापीठ येईपर्यंत उघडू दिली नाही.

पुढे मॅनेजर मोठ्या गिरणीत मोठ्या जागेवर गेला आणि तिथेही रुमाल वापरत असावा. साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी गाळलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली आणि ती लोकांना फार आवडली. तळ्यात पुढच्या वर्षीही मासे मेले, खड्डे नसताना मेले, पण तेव्हा कुणी सुनावणी ठेवली नाही. मासेवाला जाळी विकून शहरात हमालीला गेला. जाण्याआधी तो दोरवाल्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि तसाच गेला.

बापाला अखेर त्याच गिरणीच्या फाटकावर राखणदाराची नोकरी धरावी लागली. खुर्ची मिळाली, पाय कोरडे राहिले आणि वर्षभरात नडग्या बऱ्या झाल्या. त्याचाच त्याला शेवटपर्यंत राग होता. अंगणातले चाक त्याने कुणाला हलवू दिले नाही.

सुतळीने पदवी घेतली, मग पुढची घेतली आणि पाण्याच्या तपासणीच्या नोकरीत लागली. तापट म्हणून तिचे नाव झाले. तिच्या हाताखालच्या माणसांना ती पाणी भरण्यापूर्वी गावातल्या प्रत्येक बाईशी बोलायला लावायची, हे पाणी कशासाठी नेतोय ते सांगितल्याशिवाय बाटली उघडू द्यायची नाही. तिच्या वरिष्ठांना तो वेळेचा अपव्यय वाटे.

त्या ओढ्यावर सरकारी बाटल्या घेऊन ती स्वतः गेली तेव्हा तिच्या केसांत पांढरे आले होते. गिरणीने नाव बदलले होते, नळी तीच होती. आत्या तेव्हा पार वाकलेली, तरी काठी टेकत बरोबर आली. सुतळीने नळीच्या वरचे पाणी भरले, नळीच्या खालचे भरले आणि जिथे एके काळी खड्डे होते तिथलेही भरले. सूत आत्यानेच आणले होते. गाठी मारून झाल्या, बाटल्या रांगेने काठावर ठेवल्या, एकीच्या तळाशी काळा गाळ बसत होता. सुतळी चिठ्ठ्या लिहायला वळली आणि पुन्हा पाहते तर आत्या बाटल्यांसमोर उभी होती, काठी जमिनीवर पडली होती आणि तोल जात असतानाही तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

त्या तपासणीवरून पुढे नळी बंद झाली. आत्या ते बघायला राहिली नव्हती.